वय मोजायचं कुठून?



परवा कन्नडहून पिशोरला येताना एस.टी.त माझा एक जुना विद्यार्थी भेटला. माझा प्रवास फुकट, कारण ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढच्यांना तिकीट नाही. त्याने मात्र पूर्ण तिकीट काढलं. जन्म मजुरीत गेला, गुडघे गेले, दात पडले. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा थकलेला दिसत होता. म्हणाला, "गुरुजी, आधारवर पासष्ट भरायला 2029 उजाडंल. तोवर श्रावणबाळचा पगारबी नाही अन् अर्धं तिकीटबी नाही."

आधारवरची तारीख शाळेच्या दाखल्यावरून आली होती. 1 जून 1964. ती लिहिणारा हात माझा!

1970 साल. मला नोकरी नुकतीच लागली होती. पोरगं ढोरं वळून उशिरा शाळेत आलेलं, नऊ-दहा वर्षांचं. पहिलीचं वय सहा, म्हणून मी सहा वर्षं वजा केली आणि 1 जून टाकला. त्या काळी आम्ही सगळेच मास्तर असं करायचो. आता दुरुस्ती करायची तर पुरावा कुठून आणायचा?

तसा आमच्या मराठवाड्यात वय हा अंदाजाचाच कारभार. निजामाच्या राज्यात दप्तर फसली सनात. इसवी सन काढायला त्यात 590 मिळवायचे, महिन्याप्रमाणे एखादं वर्ष मागेपुढे. 1981 आणि 1991 च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. म्हाताऱ्यांना वय विचारलं की उत्तर ठरलेलं, "लिहा साठ." मग आम्ही विचारायचो, रझाकाराच्या वेळी केवढे होतात? बहात्तरच्या दुष्काळात लेकरं किती होती? त्यावरून वय बसवायचं. देशात म्हातारे किती, हे अशाच आकड्यांवर ठरत आलं. 2011 ला साठीपुढचे 10 कोटींच्या वर भरले, म्हणजे शेकडा साडेआठच्या आसपास.

पण म्हातारपणाची रेघ साठलाच का? जर्मनीत बिस्मार्कच्या काळात 1889 साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वय 70 होतं. 1916 मध्ये ते 65 वर आणलं. आपल्या 1999 च्या धोरणात आणि 2007 च्या कायद्यात ते 60 आहे. म्हणजे रेघ माणसानेच ओढलेली, देवाने नाही.

2005 मध्ये सँडरसन आणि शेरबोव्ह या दोन अभ्यासकांनी 'नेचर' साप्ताहिकात वेगळा हिशेब मांडला. जन्मापासून किती वर्षं झाली एवढंच पाहू नका, सरासरीने पुढे किती उरली तेही मोजा. पुढे त्यांनी रेघही सुचवली : ज्या वयाला सरासरी 15 वर्षं उरतात, तिथून म्हातारपण. नॉर्मन रायडर यांनी 1975 मध्येच असा विचार मांडला होता, त्यांची रेघ 10 वर्षांची. या मापाने जपानी माणूस सत्तरी ओलांडल्यावर म्हातारा होतो, आपल्याकडे पासष्टीच्या आसपास. 2019 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातही हे माप आलं.

वाचून मी खूष झालो. मास्तर म्हणून पेन्शन घेणाऱ्या, वेळेवर गोळ्या घेणाऱ्या मला ते पटलंच! पण एस.टी.तला तो चेहरा डोळ्यांपुढे आला. सरासरीत माझी वर्षंही मिसळलेली आणि त्याचीही. उद्या कोणी सरासरीकडे बोट दाखवून रेघ पुढे सरकवली, तर मला काहीच फरक पडणार नाही. त्याला मात्र दुसऱ्यांदा थांबावं लागेल. पहिल्यांदा माझ्या लेखणीमुळे, दुसऱ्यांदा सरासरीमुळे.

माप नवं असो की जुनं, कोणाच्या अंगाचं घेतलं ते विचारायला हवं.

2021 ची राहिलेली जनगणना आता 2027 मध्ये व्हायची ठरली आहे. आपल्या घरातली जी मुलं-सुना शिक्षक आहेत, त्यांना एवढंच सांगणं. कोणी "लिहा साठ" म्हणालं तर लगेच लिहू नका. ओट्यावर दोन मिनिटं बसा, दुष्काळ आठवायला लावा.

असो. तुमच्या घरात 1 जूनवाले किती आहेत, जरूर कळवा. आमच्या घरात तिघं आहेत!