इंग्लंडच्या शाळांत मानसशास्त्र

शास्त्र शाळेंत दोन वाटांनीं शिरतें. एका वाटेनें तज्ज्ञ येतो, मुलांना मोजतो आणि त्यांच्याविषयीं निर्णय देतो. दुसऱ्या वाटेनें तेंच शास्त्र मुलांपुढें अभ्यासाचा विषय म्हणून ठेवलें जातें. इंग्लंडांत मानसशास्त्र पहिल्या वाटेनें आधीं आलें. दुसरी वाट मोकळी होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हा विषय शिकवावा कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर या मधल्या काळाच्या इतिहासांत आहे.

१९१३ सालीं लंडन काउंटी कौन्सिलनें सिरिल बर्ट यांस मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलें. बर्ट मोठे विद्वान आणि उद्योगी होते. बुद्धि ही बहुतांशीं जन्मजात असते व ती चाचणीनें मोजतां येते, असें त्यांचें मत होतें. १९३८ च्या स्पेन्स समितीनेंही असाच निर्वाळा दिला कीं, मुलाची बुद्धि अखेर कोठवर जाईल हें लहान वयांतच बऱ्याच अंशीं सांगतां येतें. पुढें १९४४ च्या शिक्षणकायद्यानें माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालें. तें कोणत्या शाळेंत मिळावयाचें हें मात्र बहुतेक ठिकाणीं अकराव्या वर्षाच्या परीक्षेवर ठरूं लागलें, आणि त्या परीक्षेंत बुद्धिमापनाच्या चाचणीला मोठें स्थान होतें. शंभरांतील वीस-पंचवीस मुलें ग्रामर शाळेंत जात. बाकीच्यांपैकीं बहुतेकांच्या वांट्याला जी शाळा येई तिच्यांत विद्यापीठाकडे नेणारे वरचे वर्ग क्वचितच असत. १९५१ सालीं ए-लेव्हल परीक्षा सुरू झाली, तिचा दरवाजा अशा रीतीनें बहुसंख्य मुलांना अकराव्या वर्षींच बंद झालेला होता. विशेष हें कीं, ज्या शास्त्राच्या आधारानें हा निवाडा होई, तें त्या वरच्या वर्गांतही शिकविलें जात नव्हतें.

या निवाड्यावर पहिला प्रहार बाहेरच्यांनीं नव्हे, त्या शास्त्राच्या अभ्यासकांनींच केला. १९५७ सालीं फिलिप व्हर्नन यांच्या संपादकत्वाखालीं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेनें आपला अहवाल काढला. सरावानें आणि शिकवणीनें चाचणीचे गुण वाढतात, हें त्यांत मान्य केलें होतें. शंभरांतील सुमारें दहा मुलें चुकीच्या शाळेंत पडतात, असा अंदाज त्याच वर्षीं दुसऱ्या एका चौकशींत निघाला. टक्केवारींत दहा हा आंकडा लहान दिसतो. पण ज्या घरांतील मूल त्या दहांत असेल, त्या घराला तो लहान कसा वाटावा? १९६५ पासून सरकारचें धोरण सर्वांना एकच शाळा या दिशेनें वळलें.

बर्ट १९७१ सालीं वारले. वेगवेगळ्या घरीं वाढलेल्या एकरूप जुळ्यांच्या बुद्धीचा मेळ त्यांनीं १९५५ सालीं २१ जोड्यांवरून ०.७७१ असा दिला होता. १९६६ सालीं जोड्या ५३ झाल्या, तरी आंकडा तोच राहिला. एकवीस मुलांच्या वर्गांत आणखी बत्तीस मुलें आलीं आणि गुणांची सरासरी तिसऱ्या दशांशापर्यंत जशीच्या तशी राहिली, तर कोणताही शिक्षक हजेरीपट पुन्हां तपासून पाहील. तें काम लिऑन केमिन यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत केलें. हर्नशॉ यांनीं १९७९ च्या चरित्रांत बर्ट यांच्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवला. पुढें जॉइन्सन व फ्लेचर यांनीं बर्ट यांची बाजू घेतली, आणि हेतूविषयींचा वाद मिटला असें म्हणतां येत नाहीं. ते आंकडे विश्वसनीय पुरावा म्हणून आज कोणी पुढें करीत नाहीं, एवढें मात्र खरें.

याच १९७० नंतरच्या दशकांत मानसशास्त्र ए-लेव्हलचा विषय म्हणून रुजलें, आणि आज तो तेथील अत्यंत लोकप्रिय विषयांपैकीं आहे. २०१५ पासून शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत संशोधनपद्धतीला मोठें स्थान असून, निदान दहा टक्के गुण गणिती कौशल्याला आहेत. स्मृति, आज्ञापालन, मातृवियोग हे विषय शिकतांना विद्यार्थ्याला विचारावें लागतें कीं, प्रयोगांत माणसें किती होतीं, तीं कशीं निवडलीं, त्यांची संमति घेतली होती काय.

यावर आक्षेप असा घेतात कीं, कोवळ्या वयांतील अर्धवट ज्ञानानें मुलें स्वतःला व मित्रांना रोगांचीं नांवें चिकटवूं लागतात. आक्षेप खोटा नाहीं. तथापि अकराव्या वर्षीं कपाळावर आंकडा चिकटविणारे तर प्रौढ आणि विद्वान होते. अर्धवट ज्ञानावर उतारा म्हणजे अज्ञान नव्हे, पुरावा तपासण्याची संवय होय. आणि ही संवय अठराव्या वर्षाच्या आधीं लागली तर उत्तम.

आपणांसही हा इतिहास परका नाहीं. डॉ. कामत यांनीं बिने यांच्या चाचण्या मराठी व कानडी मुलांसाठीं घडविल्या. १९४० सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही अकरावी-बारावीस मानसशास्त्र घेतां येतें. तेथें बुद्ध्यंकाची व्याख्या पाठ करून घेतली जाते, तिच्याबरोबर त्या अंकानें इंग्लंडांत काय केलें हेंही सांगितलें जावें. ज्याला मोजलें जातें, त्याला मापाची परीक्षा करतां आली पाहिजे. हा विषय शिकविण्याचें याहून मोठें प्रयोजन मला तरी दिसत नाहीं.