उधाण-भांगातून चंद्राचं वजन

पृथ्वी आणि चंद्राची ओढ नेमकी कुठे सारखी होते, हे काढायला अंतर लागतं आणि दोघांच्या वस्तुमानाचं गुणोत्तर. अंतर सतराव्या शतकात बऱ्यापैकी ठाऊक होतं. घोडं अडलं ते चंद्राच्या वजनापाशी.

न्यूटनने भरतीचा आधार घेतला. ब्रिस्टलजवळ एव्हन नदीच्या मुखाशी सॅम्युअल स्टर्मीने पाणी मोजलं होतं: उधाणाला 45 फूट, भांगाला 25. उधाणाला सूर्य-चंद्र मिळून पाणी ओढतात, भांगाला एकमेकांच्या विरुद्ध. बेरीज आणि वजाबाकी हाती असली की दोघांचे वाटे सुटे करता येतात. युक्ती अफलातून! पण मी रत्नागिरीकडचा, आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस. खाडीच्या तोंडाशी पाणी किती चढेल हे एकट्या चंद्राच्या हाती नसतं, किनाऱ्याचा आकार आणि तळाचा उतारही त्यात हात घालतात. आपल्या ग्रंथाच्या 1726च्या आवृत्तीत न्यूटनने गुणोत्तर छापलं 39.788. तीन दशांश स्थळं, आणि खरा आकडा 81च्या थोडा वर! त्या हिशेबाने समतोलाची जागा चंद्रापासून साडेबावन्न हजार किलोमीटरवर येते. खरी आहे अडतीस हजारांच्या आसपास.

ज्यूल व्हर्नच्या काळापर्यंत आकडा सुधारला होता. त्याच्या कादंबरीतला चंद्राकडे निघालेला गोळा अंतराच्या 47/52 भागावर पोचतो तेव्हा आतली माणसं तरंगू लागतात. जागा जवळपास बरोबर, तरंगणं मात्र चूक: इंजिन बंद असलेल्या यानात माणूस वाटभर तरंगतच असतो.

सूर्य-पृथ्वीचा हिशेब तर माझ्या विद्यार्थ्यांना पटतच नसे. ती समान ओढीची जागा पृथ्वीपासून जेमतेम 2.6 लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या अलीकडे. चंद्राला सूर्यच दुपटीहून जास्त ओढतो! तरी तो आपल्याला सोडून जात नाही, कारण सूर्य पृथ्वीलाही जवळजवळ तितकाच ओढत असतो. नुसत्या दोन ओढी तोलून भागत नाही, फिरणंही धरावं लागतं. ऑयलर आणि मग 1772मध्ये लाग्रांज यांनी ते धरलं.

त्यांच्या हिशेबातला एल1 बिंदू पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे. तिथे सूर्याची ओढ पृथ्वीच्या सुमारे 34 पट. पृथ्वी त्यातून थोडीशी वजा करते, आणि तेवढ्यामुळे यान तिच्या बरोबरीने वर्षात एक फेरी मारतं. आपलं आदित्य-एल1 6 जानेवारी 2024 रोजी त्या बिंदूभोवतीच्या कक्षेत गेलं, पुण्याच्या आयुकाची अतिनील दुर्बीण घेऊन. तिथेही ते आपसूक टिकत नाही. अधूनमधून इंधन जाळून कक्षा सावरावी लागते.