तळटीप : होहेनसाल्झबुर्गचा किल्ला

लेखकाने या किल्ल्याला शहराचा पहारेकरी म्हटले आहे. ते अर्धेच खरे; किल्ला शहरावरही पहारा ठेवत असे. साल्झबुर्गचे आर्चबिशप धर्मगुरू होते, तसेच राज्यकर्तेही. १०७७ मध्ये आर्चबिशप गेबहार्टने टेकडीवर बांधकाम काढले, ते पोप आणि सम्राट यांच्या झगड्यात, पोपची बाजू घेऊन. तेव्हा शत्रू बाहेरचा होता, हा आक्षेप रास्तच आहे. पण पाहुण्याला आज वर दिसतो तो गड बराचसा आर्चबिशप लेओनहार्ट फोन कॉयचाखने (१४९५–१५१९) वाढवलेला, आणि त्याचे भांडण खालच्या नगरपालिकेशी होते. १५११ मध्ये त्याने महापौर आणि नगरसभासदांना मेजवानीला बोलावून कैद केले व शहराचे हक्क सोडायला लावले. त्याच्या घराण्याचे चिन्ह सलगम (हो, भाजीतलाच). ते गडावर पन्नासाहून अधिक ठिकाणी कोरलेले आहे. त्याचा वारस माथेउस लांग १५२५ मध्ये याच तटाआड अडकला. वेढा घालणारे त्याचेच बंडखोर प्रजाजन होते.

तटबंदी पुढे तीस वर्षांच्या युद्धात परक्या सैन्याच्या धास्तीने भक्कम केली गेली, असेही कोणी म्हणेल. केली, हे खरे. मात्र त्याआधीच पदच्युत आर्चबिशप वोल्फ डिट्रिख १६१७ मध्ये इथेच बंदिवासात वारला होता, तोही स्वतःच्या उत्तराधिकाऱ्याच्या कैदेत. उलट १८०० मध्ये खरोखर परके सैन्य, म्हणजे फ्रेंच, दाराशी आले, तेव्हा किल्ला न लढताच त्यांच्या स्वाधीन झाला.