इंधन असूनही बंद पडणारे इंजिन : लहान विमानांच्या इतिहासातील एक प्रकरण

लहान विमानाचे इंजिन उड्डाणात बंद पडले की यंत्रात बिघाड झाला असावा, असा सर्वसाधारण समज असतो. अपघातांचा इतिहास मात्र निराळे चित्र दाखवितो. अनेकदा इंजिन निर्दोष असते. त्याला इंधन मिळालेले नसते. याचे दोन प्रकार मानले जातात. सर्व टाक्या रिकाम्या होणे हा पहिला, तर विमानात इंधन शिल्लक असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणे हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारात दोष वैमानिकाचा की विमानाच्या रचनेचा, हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

चार्ल्स लिंडबर्ग याने २०-२१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्क ते पॅरिस हे साडेतेहतीस तासांचे उड्डाण एका इंजिनाच्या विमानातून केले. इंधन पाच टाक्यांत विभागलेले होते. ठरावीक वेळाने टाकी बदलावयाची आणि उपकरण-फलकावर पेन्सिलीने खूण करावयाची, हा त्याचा हिशेब. झडपा फलकाखाली, हाताशी होत्या. शिस्त वैमानिकाची होती हे खरे; परंतु ती पाळता येईल अशी रचनाही होती, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

रचनेचा हा प्रश्न पुढे संशोधनाचा विषय झाला. अमेरिकेतील फिट्स व जोन्स यांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या ४६० चुकांचे विश्लेषण केले. त्यांपैकी सुमारे निम्म्या चुका एका दांड्याऐवजी वा कळीऐवजी दुसरीच हाताळल्याने घडल्या होत्या.

तरीही पन्नास वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, गायक जॉन डेन्व्हर यांचे विमान कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात कोसळले. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून एका हौशी बांधणाऱ्याने तयार केलेले ते 'लाँग-ईझेड' विमान डेन्व्हर यांनी नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याची मूठ वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. कॉकपिटात इंधन नको, हा त्यामागील विचार. म्हणजे हा धोका सुरक्षिततेच्याच हेतूने निर्माण झाला होता! मूठ फिरविण्यासाठी उजव्या हाताने धरलेला नियंत्रण-दांडा सोडून अंग डावीकडे वळवावे लागे. तसे करताना उजवा पाय नकळत रडरच्या पट्टीवर दाबला जातो, असे तपासात आढळले. इंधनाची पातळी दाखविणाऱ्या काचांवर खुणा नव्हत्या आणि त्या मागील बाजूस होत्या.

डेन्व्हर या अडचणीविषयी अनभिज्ञ नव्हते. उड्डाणापूर्वी पकड लावून मुठीची लांबी वाढविण्याचा प्रयत्न झाला, तो निष्फळ ठरला. काचा दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्यांना आरसा दिला. सुमारे तासभरच उडावयाचे असल्याने त्यांनी इंधन भरून घेतले नाही.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षाची मांडणी लक्षणीय आहे. वैमानिकाचे विचलित झालेले लक्ष, नकळत दाबला गेलेला रडर आणि इंधन न भरणे ही 'कारणे' ठरली. मुठीची जागा, खुणा नसलेल्या काचा, नव्या प्रकारच्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण व अल्प अनुभव हे केवळ 'साहाय्यक घटक' ठरले. इंधन न भरण्याची जबाबदारी वैमानिकाचीच, यात शंका नाही. परंतु मूठ समोर असती तर टाकी बदलणे हे क्षणार्धाचे काम होते. त्यामुळे मुठीच्या जागेला दिलेले दुय्यम स्थान पटण्यासारखे नाही.

याच मंडळाने २०१७ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार, २०११ ते २०१५ या काळात अमेरिकेत इंधन-व्यवस्थापनातील त्रुटींमुळे दरवर्षी सरासरी पन्नासहून अधिक अपघात झाले आणि त्यांपैकी ९५ टक्के अपघातांत वैमानिकाच्या चुकीचा वाटा होता. डेन्व्हर यांचा अपघात त्या काळात घडला असता, तर तोही याच ९५ टक्क्यांत मोजला गेला असता.