हातावरचा आकडा

सप्टेंबर १९३९. महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातले जर्मन धरून नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत आणून कोंडले. त्यांत ज्यूही होते. हिटलरच्या तावडीतून जीव घेऊन पळालेले. पण कागदावर 'जर्मन' लिहिलेलं, म्हणजे दुश्मन! पुढं चौकशी समिती बसली, तेव्हा त्यातले बहुतेक सुटले. कागदावरची जात माणसाचा कुठवर पिच्छा पुरवते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ज्यांना पळता आलं नाही, त्यांचं काय झालं? सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. १९४५ साली छळछावण्या उघडल्या. त्यातून जिवंत निघालेले कित्येकजण देशोधडीला लागले. त्यांची पोरं परक्या मुलखात वाढली.

हेलन एपस्टाईन त्यातलीच एक. जन्म १९४७, प्राग. १९४८ साली आईबाप तिला घेऊन न्यूयॉर्कला गेले. बाप १९३६ साली हिटलरच्याच बर्लिनमध्ये ऑलिम्पिक खेळलेला. न्यूयॉर्कात तो कपड्याच्या कारखान्यात राबला. आई शिवणकाम करायची. तिच्या हातावर ऑशविट्झमध्ये गोंदलेला आकडा होता.

पोरगी शिकली. न्यूयॉर्क विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागली. तिनं आपल्यासारख्याच घरांतल्या पोरांना गाठलं, बोलतं केलं आणि १९७९ साली 'चिल्ड्रन ऑफ द होलोकॉस्ट' लिहिलं. छळ झाला आईबापाचा, ओझं मात्र लेकरांच्या छातीवरही आलं, हे तिनं मांडलं. आईनं स्वतः लिहून ठेवलेली कहाणी आईच्या माघारी, २०२० साली छापून आली.

हेलनच्या पुस्तकाआधी एकच वर्ष, १९७८ साली, आपल्याच नगर जिल्ह्यातल्या धामणगावचे दया पवार 'बलुतं' घेऊन उभे राहिले. महारवाडा आला, मुंबईचा कावाखाना आला, चिंध्या-कागद वेचणाऱ्या बाया आल्या. उकिरडा कशाला उकरता, असं आपल्यातलेच काही म्हणाले.

दोन दुःखं एका मापात घालू नयेत. त्यांना मारायला कारखाने उभारले. आपल्याला जगवून राबवलं, पिढ्यान्‌पिढ्या. छळछावणीला सुटकेची तारीख आहे. गावकुसाला कुठली तारीख?

आपल्या म्हातारीच्या हातावर आकडा नाही. तिनं वाहिलेल्या पाट्या, मागून आणलेल्या शिळ्या भाकरी कुठल्याच दप्तरात मोजलेल्या नाहीत. ती अजून ओट्यावर बसलीय. विचारा तिला. सांगेल तसं, तिच्याच बोलीत लिहून घ्या.

ती गेली की दप्तर जळालं म्हणून समजा.