पोलीसशास्त्र ते फौजदारी न्याय : एका पदवी-विषयाची जडणघडण

पदवीसाठी 'फौजदारी न्याय' हा मुख्य विषय घेतला, असे घरी सांगितले की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे पोलीस होणार का?" हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. या विषयाचा उगम पोलिसांच्या प्रशिक्षणातच आहे. मात्र त्याचा आजचा आवाका त्याहून मोठा आहे. हा बदल प्रामुख्याने अमेरिकेत घडला. म्हणून आपण तिथून सुरुवात करू.

कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांचे स्वतःचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते. तरीही पोलिसाला शिक्षण हवेच, असा त्यांचा आग्रह होता. १९०८ मध्ये त्यांनी आपल्या पोलिसांसाठी शाळा काढली आणि १९१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात उन्हाळी वर्ग सुरू करवले. हा आग्रह किती रास्त होता, हे १९३१ मध्ये स्पष्ट झाले. कबुलीजबाब मिळवण्यासाठी पोलीस आरोपींचा छळ करतात, असे विकरशॅम आयोगाने त्या वर्षी नोंदवले.

त्या काळात अभ्यासक्रमाचे नाव बहुधा 'पोलीसशास्त्र' किंवा 'पोलीस प्रशासन' असे. १९६७ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांकडे एकच साखळी म्हणून पाहिले. अटकेचा परिणाम न्यायालयावर होतो आणि शिक्षेचा तुरुंगावर, ही दृष्टी त्यातून रुजली. १९६८ च्या कायद्याने पोलिसांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला आणि महाविद्यालयांतून असे अभ्यासक्रम झपाट्याने वाढले. विषयाचे नावही हळूहळू 'फौजदारी न्याय' झाले.

पण नाव बदलले म्हणून शिकवणे बदलतेच असे नाही. पोलीस शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या एका राष्ट्रीय आयोगाने १९७८ मध्ये टीका केली, की यांतील बरेच अभ्यासक्रम केवळ नोकरीचे तंत्र शिकवतात. विद्यार्थ्याने व्यवस्था चालवायला शिकायचे, की तिला प्रश्न विचारायला? या विषयातला खरा वाद हाच आहे.

आपल्या देशातील एक उदाहरण घेतले, की या वादाचे महत्त्व कळते. १८७१ च्या गुन्हेगारी जमाती कायद्याने काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. जन्म त्या जमातीत झाला, एवढ्यावरून माणसाचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत चढे आणि त्याच्या हालचालींवर बंधने येत. आता कल्पना करा, त्या काळी केवळ तंत्र शिकवणारा अभ्यासक्रम असता, तर त्याने काय शिकवले असते? नोंदवही नीट कशी ठेवावी, हजेरी वेळेवर कशी घ्यावी. या माणसाने गुन्हा कोणता केला, हा प्रश्न त्या तासाला निघालाच नसता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कपाळावरचा शिक्का मात्र कायद्याबरोबर पुसला गेला नाही.

म्हणून या विषयातले कोणतेही कलम वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा : हे कृत्य गुन्हा आहे, असे कोणी आणि केव्हा ठरवले? त्याचा भार कोणावर जास्त पडतो? चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची सोय कुठे आहे? तुम्ही पुढे पोलीस व्हा, वकील व्हा किंवा समाजकार्यकर्ते; हे प्रश्न विचारण्याची सवय तुमच्यासोबत राहिली, तर हा विषय घेतल्याचे सार्थक होईल.