मुसी ते बियास : पाण्याने नेलेल्यांची आठवण

अफजलगंजमधून जाताना उस्मानिया दवाखान्याची भव्य इमारत आपण सगळेच पाहतो. तिच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे, ते मात्र फार थोड्या जणांनी पाहिलेले असते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. त्या वेळी या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचवला, असे सांगितले जाते. गेल्या काही वर्षांपासून सप्टेंबरच्या अखेरीस काही नागरिक या झाडाखाली जमतात, पुरात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात आणि मुसीच्या आजच्या अवस्थेवर दोन शब्द बोलतात. गर्दी नसते, मांडव नसतो, तरीही शंभर वर्षांहून जुन्या दुःखाची आठवण ठेवणारी माणसे या शहरात आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपल्यापैकी ज्यांची घरे तीन-चार पिढ्यांपासून हैदराबादेत आहेत, त्यांनी ‘तुग्यानी’ हा शब्द नक्की ऐकलेला असेल. आमच्या घरात आजी कोणाचेही वय सांगताना ‘तो तुग्यानीच्या आधीचा’ किंवा ‘ती तुग्यानीनंतर दोन वर्षांनी झाली’ असे म्हणत असे. तिने स्वतः तो पूर पाहिला नव्हता. तिच्या सासूबाईंकडून आलेला तो हिशेब होता. लहानपणी मला तुग्यानी हे एखाद्या बाईचे नाव वाटायचे. पुढे कळले की हा उर्दू शब्द आहे आणि त्याचा अर्थ महापूर.

अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी मुसी एरवी किती लहान! त्या दिवशी मात्र तिने शहराचा मोठा भाग धुऊन नेला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. हजारो घरे पडली. नदीवरच्या पुलांची मोठी हानी झाली. कुतुबशाही काळातला, १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. तेव्हाचा अफजलगंज दवाखानाही पाण्याखाली गेला. उर्दूतील नामवंत रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात वाहून गेल्या, आणि ते दुःख त्यांच्या कवितेत कायमचे उतरले. आपली विवेक वर्धिनी पाठशाळा १९०७ सालची. म्हणजे शहरात मराठी शिक्षणाचा दिवा लागून जेमतेम एक वर्ष झाले होते, तोच हे संकट आले.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी करतो. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेतला आणि नोकरीला लागलो. त्यामुळे या पुराच्या पुढची गोष्ट मला अधिक जवळची आहे. निजाम सरकारने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई सरकारच्या नोकरीत घडलेले अभियंते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर १९०३ साली त्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले होते. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पातळी उतरली की बंद व्हायचे.

विश्वेश्वरय्यांनी आधी पुराच्या कारणांचा शोध घेतला. मुसीच्या पाणलोटात शेकडो तलाव होते. मुसळधार पावसात ते एकामागून एक फुटले. वरच्या तलावाचे पाणी खालच्यात आले, खालच्याचा बांध गेला, आणि हे सगळे पाणी एकदम शहरावर आले. पावसाच्या जोडीला फुटलेल्या बांधांनी शहर बुडवले, हे त्यांनी दाखवून दिले. मग शहराच्या वर पूर थोपवणारे जलाशय बांधण्याची योजना त्यांनी मांडली. त्यातून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. आपण ज्याला गंडीपेटचे पाणी म्हणतो आणि ज्याची चव पिढ्यान् पिढ्या वाखाणतो, ते मुळात मेलेल्या माणसांच्या आठवणीतून बांधलेले पाणी आहे. पंधरा हजारांचे स्मारक करायचे तर ते असे करावे, असे मला नेहमी वाटते.

आता दुसऱ्या एका पाण्याकडे वळतो. ते आपल्या शहरापासून फार दूरचे, पण त्याने नेलेली मुले आपल्या शहरातली होती.

८ जून २०१४, रविवार. तेलंगण राज्य होऊन सहाच दिवस झाले होते. त्या संध्याकाळी चंद्राबाबू नायडूंचा शपथविधी होता आणि घरोघरी टीव्हीवर तोच चालू होता. रात्री बातम्या बदलल्या. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हिमाचल प्रदेशात सहलीला गेले होते. मनालीच्या वाटेवर, मंडी जिल्ह्यात थलौटजवळ ते बियास नदीच्या पात्रात उतरले. पाणी कमी होते, दगड उघडे होते. मुले दगडांवर उभी राहून फोटो काढू लागली. तेवढ्यात वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेले पाणी आले. काही मुले काठावर पोहोचली. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्या सोबत असलेला सहलीचा एक आयोजक वाहून गेले. चोवीसांत सहा मुली होत्या.

ती रात्र ज्यांच्या आठवणीत आहे त्यांना मी काय सांगू? आमच्या कॉलनीत असे एक घर नव्हते की ज्यातले किंवा ज्याच्या नात्यातले कोणी इंजिनिअरिंगला नव्हते. जो तो एकमेकांना फोन करून एकच विचारत होता, ‘आपल्यातलं कोणी आहे का?’ शेजारच्या काकूंनी हा प्रश्न मला विचारला तेव्हा माझे वडील म्हणाले, ‘वहिनी, सगळी आपलीच आहेत.’ वडील आता नाहीत. त्यांचे हे वाक्य मात्र दर जूनमध्ये आठवते.

त्या वेळी ऑफिसात आम्ही चार जण या विषयावर तासन् तास बोललो, कारण ही आमच्या कामातली गोष्ट होती. लारजी हा १२६ मेगावॅटचा प्रकल्प. तिथे नदी अडवून पाणी बोगद्यातून जनित्रांकडे नेतात. अशा प्रकल्पात पाणी साठवायला फारशी जागा नसते. वीजनिर्मिती कमी करा असा आदेश आला की जनित्रांकडे जाणारे पाणी कमी होते, आणि तेच पाणी दरवाजे उचलून नदीत सोडावे लागते. त्या संध्याकाळी तसेच झाले. शिवाय बियास बर्फाच्या पाण्याची नदी. उन्हाळ्यात दिवसा वितळलेला बर्फ खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. सकाळी जे पात्र पायी ओलांडता येईल असे दिसते, ते संध्याकाळी तसे राहत नाही. स्थानिक माणसाला हे ठाऊक असते. हैदराबादच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला कसे ठाऊक असणार? आपण मुसी पाहिलेली माणसे. कोरडे पात्र म्हणजे कोरडेच, अशी आपली समजूत.

दरवाजा उचलणे आणि खाली पाणी पोहोचणे यांत काही मिनिटे जातात. ती मिनिटे म्हणजेच माणसाचा जीव. त्या वेळात भोंगा वाजला पाहिजे आणि तो खालच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. ऐकू गेल्यावर त्याचा अर्थही कळला पाहिजे. नदीच्या खळखळाटात दूरचा भोंगा विरून जातो. नवख्या माणसाला तो कारखान्याचा वाटू शकतो. म्हणून भोंग्याच्या जोडीला काठावर शिट्टी घेतलेला एक माणूस हवाच, असे आमचे एक जुने साहेब म्हणत. लोखंडाचा दरवाजा माणसाला ओळखत नाही, माणसाने माणसाला हाक मारायची असते, हे त्यांचे बोल मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

पुढे शोध सुरू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदलाचे पाणबुडे असे सगळे उतरले. खालच्या पंडोह धरणाच्या जलाशयापर्यंत नदी धुंडाळली गेली. हा शोध कित्येक आठवडे चालला. आईवडील काठावर बसून होते. एकेक दिवस एकेक मूल सापडत होते, आणि ज्यांचे सापडले त्यांना इतर पालक सुदैवी समजत होते. यापेक्षा अधिक लिहवत नाही.

हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. २०१६ साली प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांना २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. त्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की हा भार न्यायालयाने एकाच्याच माथी टाकला नाही. वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार या तिघांमध्ये तो वाटून दिला. पाणी सोडणाऱ्याची जबाबदारी असते, मुले नेणाऱ्याची असते आणि ज्याच्या हद्दीत हे घडते त्याचीही असते. मुलांना दोष देऊन मोकळे होण्याची आपली सवय आहे. ‘आजकालची पोरं, सेल्फी काढायला गेली असतील’ असे मीही त्या रात्री पहिल्यांदा बोललो होतो. आज त्याची लाज वाटते.

१९०८ च्या आठवणीतून दोन जलाशय उभे राहिले. २०१४ च्या आठवणीतून आपण काय उभे केले? हा प्रश्न मी सरकारी नोकर म्हणून विचारत नाही. एक बाप म्हणून विचारतो. माझी मुलगी यंदा इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजची सहल नागार्जुनसागरला जायची आहे आणि पालकांच्या संमतीचा कागद आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होता. तिची आई म्हणाली, ‘पाठवू नका.’ मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही तर धरणावर नोकरी करता, आणि तुम्हीच घाबरता?’

मी कॉलेजात जाऊन आलो. तीन गोष्टी विचारल्या. पाण्याजवळ जाण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांशी कोण बोलणार आहे? किती मुलांमागे एक शिक्षक आहे? नदीपात्रात उतरायचे नाही, हे मुलांना निघण्याआधी कारणासह कोण सांगणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे होती. तिसऱ्यावर प्राचार्य म्हणाले, ‘तुम्हीच येऊन सांगा ना.’ गेल्या शनिवारी अर्धा तास मी त्या मुलांशी बोललो. तुग्यानी सांगितली, चिंचेचे झाड सांगितले, बियास सांगितली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी बियासचे नावही ऐकले नव्हते. तेव्हा ती शाळेच्या पहिल्या पायऱ्या चढत होती. मग घरी येऊन कागदावर सही केली.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि या स्मरणिकेत त्यांचे फोटो छापले जातात. माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. त्या कार्यक्रमाच्या आरंभी एक मिनिट उभे राहून त्या चोवीस जणांचे स्मरण करावे. तीही कोणाच्या तरी घरची गुणवंत मुले होती, आणि आज ती तिशीत असती. आणि विसर्जनाला निघताना, तलावावर असो की कृत्रिम कुंडावर, मुलांना पाण्यापासून लांब ठेवायला दोन जबाबदार माणसे नेमावीत, त्यांच्या हातात शिट्टी द्यावी. एक शिट्टी मी आणतो.

स्मरणिका या शब्दातच स्मरण आहे. बाप्पाला निरोप देताना आपण त्याला पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. पाण्यात गेलेला बाप्पा परत येतो, ही आपली श्रद्धा आहे. मुले परत येत नाहीत. म्हणून काठावर कोणीतरी उभे राहायला हवे.